पिवळ्या मातीचे सहा गोळे

मला राग लवकर येतो. खोटं कशाला सांगू, वर्गात माझ्याआधी माझी पट्टी पोचायची. आमच्या सिंधीपुरा मोहल्ल्यातल्या पोरी मला लांबून पाहिलं की गल्ली बदलायच्या, आणि मला त्यात मोठेपणा वाटायचा. धाकाशिवाय पोरं शिकत नाहीत, असं मी चारचौघांत ठासून सांगत असे. आता सांगत नाही.

ही सत्तावन्न सालची गोष्ट. राज्यांची नवी वाटणी होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि आमचं गाव हिंदी मुलखात गेलं होतं. आमची मराठी मुलींची शाळा हिंदी शाळेत मिळवायचं ठरलं होतं, आणि कुठली बाई राहणार, कुठली जाणार, याची यादी व्हायची होती. माझं ट्रेनिंग अमरावतीचं, आणि अमरावती गेली मुंबई राज्यात. माझा दाखला इथं चालतो की नाही, हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. नवे हेडमास्तर मोतीलाल गुरुजी जबलपूरकडचे. माणूस वाईट नव्हता, पण कागदाला भिणारा. त्यांनी मला बोलावून सांगितलं की सोमवारी इन्स्पेक्टरसाहेब येताहेत, हस्तकलेचा असा एक पाठ दाखवा की साहेबांनी तोंडात बोट घातलं पाहिजे, मग तुमच्या दाखल्याचं मी बघतो. झालं, मी पदर खोचला.

मी रंगांचा पाठ घ्यायचं ठरवलं. तीन मूळ रंग आणि त्यांच्यापासून होणारे बाकीचे. आता बावीस पोरींत रंगपेटी एकीकडेही नव्हती. फळ्यावर शिकवलं तर पोरी पाठ करतात, पिवळा आणि निळा मिळून हिरवा, आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. मातीचं तसं नाही. दोन रंगांचे गोळे एकत्र मळायला घेतले की आधी नुसते पट्टे दिसतात. मग पट्ट्यांचे दोरे होतात, दोऱ्यांच्या कडा हिरव्या व्हायला लागतात, आणि मळता मळता सगळा गोळा कधी हिरवा झाला ते कळतही नाही. बोटांनी केलेलं डोकं विसरत नाही. हे मला कुठल्या ट्रेनिंगात शिकवलं नव्हतं, घरी कणीक मळताना सुचलं होतं.

राजघाटावरून नदीचा गाळ आणवला. काळ्या गाळात रंग उठेना, म्हणून त्यात भिंती सारवायची पांढरी माती आणि थोडं चुन्याचं पाणी घातलं. तांबड्यासाठी गेरू, निळ्यासाठी कपड्यांची नीळ, पिवळ्यासाठी हळद. गुरुवारी संध्याकाळी घरी करून पाहिलं, तर हळदीचा गोळा बघता बघता लाल. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. पण अती शहाणा त्याचा बैल रिकामा. मी स्वतःवरच इतकी चिडले की तो गोळा उचलून भिंतीवर मारला.

दुसऱ्या दिवशी शाळेआधीच कडू कुंभाराचं घर गाठलं. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर गुलाबाई बसते. मातीची गुलाबाई, शेजारी तिचा नवरा गुलोजी, आणि रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी जमून गाणी म्हणतात. त्या मूर्ती कडू करायचा, आणि त्याच्या मूर्तीचं लुगडं असं पिवळंजर्द असायचं की बघत राहावं. कडू घरी नव्हता, उरलेल्या मूर्ती घेऊन निंबोल्याला गेला होता. रंगाचं सगळं तो स्वतः बघायचा, त्याची बायको सरुबाई कधी त्याला हात लावत नसे. पण शाळेच्या बाई दारात आल्या म्हणून ती बिचारी ओशाळली, घडवंचीवर चढली आणि वरच्या फळीवरची पुडी काढून माझ्या हातात दिली. “गुलाबाईच्या लुगड्याले हाच लावतात,” ती म्हणाली. मी कसला रंग आहे ते विचारलं नाही. मला घाई होती.

रंग काय सुरेख उठला. चुन्याला तो अजिबात बधला नाही.

शेवटच्या तासाला सोमवारची रंगीत तालीम घेतली. प्रत्येकीपुढे पाटीवर तीन गोळे ठेवले, बोराएवढे, आणि पिवळा नि निळा मळा म्हटलं. आधी खुसुखुसू हसत होत्या, मग एकेक गप्प होत गेली. खिडकीशी बसणारी उषा, अंगानं काडी, बोलायला पण तेवढीच, तिनं आपला हिरवा झालेला गोळा मधोमध मोडला आणि आत पाहिलं. “बाई, आतूनपण हिरवा,” ती म्हणाली. रंग वरून लागत नाही, रंगच बदलतो, हे तिला मी न सांगता कळलं होतं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. पण शाबासकी द्यायची सवय नव्हती, म्हणून म्हटलं, बडबड पुरे, पुढचा गोळा घे.

तास संपल्यावर सगळ्यांना पंपावर नेऊन राखेनं हात घासायला लावले. रंगलेल्या हातांनी दप्तरं खराब केली की घरून तक्रारी येतात, म्हणून. ती एक गोष्ट माझ्या हातून बरी झाली. सहा पिवळे गोळे उरले होते, ते सोमवारसाठी खिडकीत वाळत ठेवले आणि शाळा सुटली.

मी हजेरीपट मिटत होते तेवढ्यात कडू दारात आला. निंबोल्याहून परतल्यावर सरुबाईकडून कळलं तसा धावत आला होता, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. त्यानं नमस्कारही केला नाही.

“बाई, थो पिवळा कुठी आहे?”

मी म्हटलं, वापरला, पोरींनी मातीत मळला. तो मटकन खालीच बसला. “हरताळ आहे थो,” तो म्हणाला. “जहर आहे, बाई. सोमलाचा भाऊ.”

मग त्यानं सगळं सांगितलं. तो रंग डिंकात कालवून कुंचल्यानं मूर्तीला लावायचा, हातानं मळायचा नाही. लावून झाल्यावर हात धुतल्याशिवाय तो तंबाखूची चिमूट तोंडात टाकत नसे. त्याच्या बापाच्या वेळी रंगाची वाटी चाटून एक गोऱ्हा गेला होता, दुपारी चाटली आणि दिवस मावळायच्या आत पाय झाडून गेला. मी पंपावरची राख सांगितली तेव्हा त्याचा जीव थोडा भांड्यात पडला. वरवर लागलेलं धुऊन जातं, म्हणाला, पोटात जायला नको. उरलेली माती द्या, मी खोल पुरून टाकतो.

पोरींनी केलेले हिरवे, नारिंगी गोळे फळीवर होते, ते मी मोजून त्याच्या टोपलीत टाकले. मग खिडकीशी गेले. खिडकी रिकामी होती. पिवळे सहाच्या सहा गोळे गेले होते.

उंदीर गोळे नेत नाहीत आणि कावळा सहाच्या सहा नेत नाही. माझ्याच वर्गातल्या कुणा पोरीनं नेले होते. पिवळेधमक, गोल, थेट बेसनाच्या बारक्या लाडवासारखे. कुणाच्या घरात रांगतं पोर असेल, कुणाची बहीण भुकेली असेल.

मोतीलाल गुरुजींना जाऊन सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण मला वाटलं त्या कारणानं नाही. ते म्हणाले, गावभर झालं तर साहेब आधी शाळा बंद करतील आणि मग यादी. “हल्ला-गुल्ला मत करिए, निर्मलाबाई. घर-घर जाइए, प्यार से पूछिए, माटी ले आइए. बस.” मला ते पटलं. पटलं असं आज म्हणते, खरं म्हणजे मला माझी नोकरी हवी होती.

खिडकीच्या बाजूला तिघी बसायच्या. उषाचं घर पहिलं लागायचं. तिचा बाप भाईदास मिलमध्ये पाळीवर गेला होता. आई मालूबाई ओट्यावर शेंगा निवडत होती आणि दोन वर्षांचा रमेश टरफलं उडवत होता. त्या पोराचं तोंड रिकामं आहे ना, ते मी आधी पाहिलं. आत कोनाड्यात गुलाबाई मांडलेली, पुढे डबे, ताटल्या, आणि पाठमोरी उषा काहीतरी करत होती.

मी गोड बोलायला हवं होतं. गोड बोलायचं ठरवूनच निघाले होते. पण भ्यालेलं माणूस रडतं नाहीतर ओरडतं, आणि रडायची मला सवय नव्हती. दारातूनच माझा आवाज चढला.

“उषा, बाहेर ये. हात दाखव.”

ती जरा थांबली, मग आली. दोन्ही तळवे पुढे केले. रिकामे होते. थोडे पिवळट दिसत होते, पण तसे सगळ्या वर्गाचेच असणार. खिडकीतले पिवळे गोळे तू नेलेस का, मी विचारलं. तिनं मान हलवली. मला आणखी राग आला. तोंड नाही का, म्हटलं, नीट उत्तर दे. तिनं गळा ताणून आवंढा गिळला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ती म्हणाली, “नाही, बाई.” मला वाटलं हुंदका गिळतेय. मालूबाई मध्ये पडली. ती म्हणाली, बाई, ही नाही हो कुणाचं घेणार, तुमचं नाव काढलं तरी थरथर कापते. एवढ्या घाईतही मला ते ऐकून बरं वाटलं होतं. याची आज लाज वाटते.

बाकीच्या दोघींकडे गेले. नाही, बाई. मग शेजारच्या बाकावरच्या चौघींकडे. नाही, बाई. कुणी आईच्या पाठीमागे लपलं, एक तर मला पाहून न्हाणीत जाऊन कडी लावून बसली. प्रत्येक घरी मी एकच सांगत होते की सोमवारच्या पाठाची माती आहे, परत द्या. का द्या, ते सांगत नव्हते. आणि प्रत्येक घरून निघताना पाय आणखी जड होत होते, कारण आता कोण खरं बोलतंय ते मला ओळखताच येत नव्हतं. माझ्यासमोर खरं बोलायची कुणाला सवयच नव्हती. कडू टोपली पुरून आला होता आणि माझ्या मागे मागे चालत होता. तो वारंवार आभाळाकडे बघत होता, दिवस किती राहिला ते.

दिवेलागण झाली आणि पहिल्या घरातून गुलाबाईचं गाणं सुरू झालं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाणी संपली की खिरापत असते. ज्या पोरीची पाळी ती झाकलेला डबा आणते, कानाशी खुळखुळ वाजवते, आणि बाकीच्यांनी आत काय ते ओळखायचं. फुटाणे, शेंगदाणे, करंजी, लाडू. ओळखू आलं नाही तर डबावालीची जीत. मग डबा उघडायचा आणि अंधारलेल्या ओसरीवर पंधरा-वीस हात एकदम आत जायचे. खाऊन मोकळं व्हायचं, बघतंय कोण. आज कुठल्या तरी डब्यात सहा पिवळे गोळे होते. आणि गल्लीत आता चार घरांतून गाणी ऐकू येत होती.

गेली ती नोकरी, मी मनात म्हटलं. गल्लीच्या मधोमध उभी राहिले आणि वर्गात ओरडते त्याच आवाजात ओरडले.

“ऐका. आज शाळेत मी पोरींना पिवळी माती दिली. तिच्यात जहर आहे. मी आणलं, न विचारता आणलं, चूक माझी आहे. जिनं गोळे नेलेत तिला मी बोटसुद्धा लावणार नाही. खिरापत कुणी खाऊ नका.”

गाणी एकेक करून थांबली. बाया बाहेर आल्या, कुणी पोरांची तोंडं उघडून बघू लागल्या, कुणी डबे ओट्यावर पालथे केले. मला कुणी काय काय म्हणालं ते मी इथं सांगत नाही. ते रास्त होतं.

मग उषा आली. हातात पितळेचा डबा, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. तिची खिरापत दर वर्षी फुटाण्यांची असायची आणि पोरी वाजवायच्या आधीच ओळखायच्या, म्हणून यंदा कुणालाच ओळखता येणार नाही असं काहीतरी तिला न्यायचं होतं. खायला देणार नव्हती, नुसती जिंकणार होती, मग फुटाणे काढणार होती. हे तिनं मला नंतर कधीतरी सांगितलं. त्या वेळी तिनं फक्त डबा पुढे केला. मी कंदिलाशी नेऊन मोजले. पाच.

पुन्हा मोजले. पाचच. मालूबाईच्या कडेवर रमेश होता, मी त्याला खेचून घेतलं आणि त्याच्या तोंडात बोट घातलं. तो किंचाळून रडायला लागला. तोंडात काही नव्हतं, पण गिळलं असेल तर काय दिसणार? मी मालूबाईला विचारत होते, यानं काय खाल्लं, केव्हा खाल्लं.

“त्यानं नाही खाल्ला, बाई,” उषा म्हणाली. “तुम्ही हात दाखव म्हणालात ना, तेव्हा तो माझ्या हातात होता.”

हात रिकामे दाखवायचे म्हणून तिनं गोळा तोंडात टाकला होता. आणि तोंड नाही का, असं मी दरडावल्यावर, उत्तर द्यायला तोंड मोकळं हवं म्हणून, गिळला होता. माझ्या डोळ्यांसमोर. त्याला आता तासाहून जास्त वेळ झाला होता.

कंदील तिच्या तोंडाजवळ नेला. ओठ पांढरे पडले होते आणि कपाळावर घाम होता. पोट दुखतंय का, विचारलं तर मान हलवली, नाही म्हणून. मला काय माहीत तिचं ‘नाही’ खरं की खोटं? मी तिला उचललं. वजनच नव्हतं पोरीला.

गिरधर वैद्यांचं घर गल्लीच्या तोंडाशीच होतं. कडू पुढे पळून सांगून आला होता, त्यामुळे आम्ही पोचेपर्यंत चुलीवर पाणी कोमट झालं होतं. वैद्यांनी हरताळ हा शब्द ऐकला आणि पुढे एकही प्रश्न विचारला नाही. तांब्याभर मिठाचं पाणी माझ्या हातात दिलं, म्हणाले, सगळं पोटात गेलं पाहिजे. अशा पाण्याला मोठी माणसंही तोंड फिरवतात. उषानं फिरवलं नाही. मी तांब्या लावून धरला होता आणि ती माझ्याकडे बघत घटाघटा पीत राहिली, एक थेंब सांडू न देता, शिक्षा असल्यासारखी. तांब्या संपला. तिचं पोट ढवळून आलं, गाल फुगले, दोन्ही हातांनी तोंड दाबून ती तशीच बसली. मला कळेना ही थांबलीय कशासाठी. मग तिनं एक हात काढला आणि वर्गात करतात तसं बोट वर केलं.

“बाई, ओकू?”

मी हो म्हटलं. हो बाळा, ओक, म्हटलं. ‘बाळा’ हा शब्द मी शाळेत कधी कुणाला म्हटला नव्हता. मग ती माझ्या लुगड्यावर, हातावर, जमिनीवर ओकली, आणि मी तिचं कपाळ धरून बसले. वैद्यांनी कंदील खाली धरून काडीनं बघितलं. अर्धा गोळा अजून घट्ट होता, चुन्यामुळे म्हणा, मातीच्या चिकटपणामुळे म्हणा. उरलेला विरघळला होता. पुन्हा पाणी, पुन्हा ओकारी, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग दूध आणि तूप. मग पोटात कळा सुरू झाल्या आणि ती पाय पोटाशी घेऊन कण्हायला लागली. मी देवाला काय काय कबूल केलं ते देवालाच ठाऊक. वैद्य तिची नाडी धरून बसले होते, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

आठाच्या सुमाराला कळा ओसरल्या. वैद्यांनी हात सोडला आणि म्हणाले, नाडी जागेवर येतेय, दोन दिवस दुधावर ठेवा, पोर जगेल. आता हिला झोप लागली पाहिजे, झोप हेच औषध. कडू दाराशी उकिडवा बसला होता, तो डोक्यावरचं मुंडासं काढून रडला. मला रडू आलं नाही, मी तिथंच उषाच्या पायाशी बसले. रात्रभर इथंच बसायचं, मी ठरवलं होतं. तेवढं तरी माझ्याकडून व्हायला हवं होतं.

उषाचा डोळा लागायचा आणि दचकून उघडायचा. उघडला की आधी माझ्याकडे जायचा, आणि ती अंग सावरून सरळ पडायचा प्रयत्न करायची. मी तिला म्हटलं, झोप गं, मी आहे. ती म्हणाली, हो, बाई, आणि डोळे घट्ट मिटून घेतले. पापण्या थरथरत होत्या. असं तीन-चारदा झालं.

मालूबाई उशाशी बसून हे बघत होती. संध्याकाळपासून ती मला एक शब्दही लागेल असं बोलली नव्हती. आताही आवाज चढवला नाही.

“बाई, तुम्ही जा आता,” ती म्हणाली. “तुम्ही इथं आहात तोवर तिला झोप यायची नाही.”

मी उठले. बाहेर वैद्यांच्या ओट्याच्या कडेला, आतून दिसणार नाही अशी बसले. थोड्या वेळानं मालूबाई दारात आली आणि म्हणाली, झोपली.